तिकांड्याखालचा धूर

सुभद्राबाईच्या डोळ्यात धूर गेलाय, हे वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. पाटोद्यापासून सात किलोमीटर आत ही वाडी. दिवाळी झाली की निम्मी वाडी ट्रकात बसून ऊस तोडायला जाते आणि उन्हं तापली की परत येते. सुभद्राबाईने अशा एकतीस खेपा केल्या. नवरा मुंजाजी होता तोवर त्याच्याबरोबर, तो गेल्यावर मुलगा अजिनाथबरोबर. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि ती घरी बसली. धुराची गोष्ट मात्र तिच्या तिसऱ्या खेपेतली, आणि ती तिला गोचिडासारखी चिकटली होती.

टोळी तेव्हा कोल्हापूरकडे उतरली होती. उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या म्हणजे कोप्या, चारी बाजूंनी ऊस आणि मिट्ट काळोख. बाया पहाटे तीनला उठायच्या, कारण भाकरी बडवून उजाडायच्या आत फडात हजर व्हायचं असे. मनगटावर घड्याळ एकट्या मुकादमाच्या होतं. बायांचं घड्याळ आभाळात. ओळीने तीन ठळक चांदण्या असतात, त्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. तिकांडं कुठल्या झाडाच्या शेंड्यावर आलं की उठायचं, हे बायांना पाठ असायचं. त्या तिकांड्याखाली आणखी तीन बारक्या चांदण्या लोंबतात. चूल धड पेटेपर्यंत सुभद्राबाई त्यांच्याकडे बघत बसायची. एका पहाटे तिच्या ध्यानात आलं की त्यातली मधली चांदणी काही नीट नाही. बाकीच्या सुईने टोचल्यासारख्या स्वच्छ, आणि ही बोटाने पुसल्यासारखी.

महिनाभर तिने खात्री केली, आणि एके दिवशी फडात सगळ्यांसमोर मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणजे बबनराव, मुंजाजीचा चुलतभाऊ, नात्याने तिचा दीर.

"भावजी, तिकांड्याच्या खालच्या चांदणीतून धूर निघतोय. येकदा बगा."

बबनरावाने तंबाखू मळता मळता टोळीकडे पाहिलं. "आवं वयनी, चूल फुकून फुकून तुमच्याच डोळ्यात धूर गेलाय. आभाळाला कावून नावं ठेवता?"

टोळी अशी हसली की मोळ्या बांधणाऱ्यांच्या हातातून उसाच्या शेंड्यांचं वाढं सुटलं. त्या दिवसापासून सुभद्राबाईचं नाव धुरकी पडलं. नव्या सुनांना तिची ओळख धुरकी म्हणूनच करून दिली जायची. नावाचं तिला फारसं वाटलं नाही. ऊसतोडीच्या टोळीत बरी नावं कुणाला मिळतात? तिला राग होता तो वेगळाच. इतकी माणसं हसली, पण त्यातल्या एकानेही त्या रात्री मान वर करून पाहिलं नाही. हा राग तिने तीस वर्षं जपला, आणि मी म्हणतो, बरं केलं.

त्याच टोळीत, आणखी चार खेपांनी, तिला वर्षाराणी झाली. कोपीत, पहाटे, चुलीच्या उजेडात. ही पोरगी शाळेत हुशार निघाली तेव्हा सुभद्राबाईने तिला टोळीत न्यायला साफ नकार दिला. पंधराव्या वर्षी स्थळ आलं, ते तिने दारातूनच परत धाडलं. शिकून पोरगी काय दिवे लावणार, असं भावकीने विचारलं, तेव्हा तिने पोरीच्या फीचे पैसे मोजले. पोरगी बीडच्या कॉलेजात गेली, पदवी घेतली आणि तिथेच प्रयोगशाळेत कामाला लागली. आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"आई, तुजी ती धुराची चांदणी हाय ना, ती चांदणीच न्हाई. ढग हाय. वायूचा आन धुळीचा. त्याला तेजोमेघ म्हणतात. आभाळात सोडलेल्या दुर्बिणीनं त्याचे फोटो काढलेत, लई भारी दिसतो. त्या ढगातूनच नव्या चांदण्या जन्माला येतात."

सुभद्राबाई चुलीपुढे होती, तिने नाक ओढलं. पोरीला वाटलं, आई रडतेय.

"हे बबनभावजीला सांग," सुभद्राबाई म्हणाली.

पण सांगून ऐकेल तो बबनराव कसला. तो आता सरपंच झाला होता, मुकादमकीही चालूच होती. चंद्रावर आपलं यान उतरलं तेव्हा त्याने पारावर पेढे वाटले होते आणि स्वतःच यान उडवल्यासारखं भाषणही ठोकलं होतं. वर्षाराणीने त्याला मोबाइलवर तेजोमेघाचा फोटो दाखवला. जांभळा, गुलाबी, मध्ये उजेडाची खाण. बबनराव म्हणाला, "हे कंप्युटरवर कोणबी करतं. माज्या वाढदिवसाच्या फ्लेक्सलाबी मागं असंच टाकलतं."

त्यावर मायलेकींनी ठरवलं, फोटो बास. आता दुर्बीणच करायची, आणि पारावर आणून ठेवायची.

दुर्बिणीचा जीव तिच्या आरशात असतो, आणि तो आरसा हाताने घासून करता येतो, हे वर्षाराणी पुण्याच्या एका शिबिरात शिकून आली होती. सहा इंची जाड काच. ती पिंपावर बसवलेल्या दुसऱ्या काचेवर ठेवायची, मध्ये कुरुंदाची खरखरीत पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासत राहायचं. हळूहळू वरच्या काचेला वाटीसारखा खोलगटपणा येतो. वर्षाराणी फक्त शनिवार-रविवारी यायची. बाकीचे दिवस घासायला सुभद्राबाई. अख्ख्या टोळीच्या कोयत्यांना धार लावणारी बाई ती. कानस कुठे दाबायची आणि कुठे सोडायची, हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं. पूड झिजली की आवाज बदलतो, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. चार महिने ती पिंपाभोवती प्रदक्षिणा घालत होती. लोक म्हणाले, धुरकीला आता चक्करही आली.

वर्षाराणीचा एकच धोशा असायचा. "आई, काचेवर एक कणबी राहता कामा न्हाई. एका कणानं सगळं वाया जाईल." सुभद्राबाई दर वेळी काच धुवायची, हात धुवायची, पदर खोचायची, आणि मगच पुढची पूड घ्यायची.

मार्चमध्ये काच तयार झाली. पुण्याला पाठवून तिच्यावर चांदीसारखा चकचकीत मुलामा चढवून आणला. आठ इंची पाइपची नळी झाली, जुन्या बाजेच्या गातांचा, म्हणजे लांब दांड्यांचा, स्टँड झाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोळ्या परत आल्या, आणि वर्षाराणीने दिवस ठरवला: चैत्रातली अमावस्या, दिवस मावळल्यावर, पारासमोर. पाटोद्याला जाऊन फ्लेक्ससुद्धा छापून आणला. फ्लेक्सवाल्याने तेजोमेघाचा फोटो पाहून विचारलं होतं, "यावर फोटो कोणाचा टाकायचा?"

दिवस पुढे ढकलण्यासारखा नव्हता, हे इथेच सांगून ठेवतो. एप्रिलमध्ये तिकांडं दिवेलागणीला पश्चिमेला कललेलं असतं. आणखी पंधरा दिवसांनी ते मावळतीच्या उजेडात बुडतं. पुन्हा ते रात्री वर यायला लागतं तेव्हा टोळ्या ट्रकात बसत असतात. म्हणजे ही माणसं आणि दिवेलागणीचं तिकांडं वाडीत एकत्र असतात ते वर्षातून जेमतेम दोन आठवडे. ज्यांच्यासमोर सुभद्राबाई धुरकी झाली, त्यांना तो धूर दाखवायचा तर आत्ताच.

आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी सुभद्राबाईने स्वतःच्या हाताने घोटाळा केला.

दुपारी तिने सहज आरशाची पेटी उघडली. आरसा बघून ती खूश होत असे, रोज एकदा तरी बघायची. त्या दिवशी वावटळ होऊन गेली होती, आणि आरशावर बारीक धूळ बसली होती. एका कडेला कोणाच्या तरी बोटाचा ठसा. उद्या सगळा गाव येणार आणि काचेवर कण! तिने चुलीतली राख वस्त्रगाळ केली, त्यात लिंबू पिळलं, आणि देवाची तबकं घासावीत तितक्या निगुतीने आरसा घासून काढला. स्वच्छ पाण्याने धुतला, धुतलेल्या लुगड्याने पुसला. आणि उजेडात धरला तर हातात नुसती काच. पलीकडचं अंगण आरपार दिसत होतं. शेळीसुद्धा दिसत होती.

संध्याकाळी वर्षाराणी बीडहून आली. तिने पेटी उघडली, काच हातात घेतली, राखेच्या ताटलीकडे पाहिलं.

"आई, हे काय केलंस तू?"

"तूच म्हणालीस, कण राहता कामा न्हाई."

"आगं, तो मुलामा होता! राखेनं घासल्यावर राहतो व्हय तो? चार महिने!" पोरगी ओरडली, मग खाली बसली आणि गुडघ्यात डोकं घालून ढसाढसा रडली. सुभद्राबाईला तिच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस झालं नाही. उभ्या जन्मात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. तीस वर्षं लोक तिला धुरकी म्हणाले आणि ती मनात म्हणत राहिली की तुम्हीच आंधळे. आता तिचं तिलाच वाटलं की तेच बरोबर होते.

रडून झाल्यावर वर्षाराणीने नाक पुसलं आणि काच पुन्हा उचलली. वाकडी करून, डोळ्याजवळ नेऊन पाहिली. "आकार न्हाई बिघडला. बारीक वरखडे हायत, पण आकार हाय." मग ती स्वतःशीच पुटपुटली, "नुसत्या काचेवरून शंभरातला चार भाग उजेड परत येतो."

"चार येतो ना?" सुभद्राबाई म्हणाली.

"चारात काय दिसणार आई? पारासमोर तो हायमास्ट हाय. दुसरा मुलामा चढवायला तीन आठवडे लागतील. उद्याचं रद्द करू."

हायमास्ट म्हणजे बबनरावाची सरपंचकीची सगळ्यात मोठी कमाई. चाळीस फुटी खांब, वर सहा दिवे, आणि खांबावर 'सरपंच बबनराव यांच्या प्रयत्नातून' अशी पाटी. तो लागला की पारावर सुईत दोरा ओवता यायचा, आणि आभाळात शुक्राशिवाय काही उरायचं नाही.

"हायमास्ट न्हाई लागला तर?" सुभद्राबाईने विचारलं.

वर्षाराणी विचारात पडली. "एकदम काळोख झाला, आन कमी ताकदीचं भिंग लावलं, तर... दिसंलबी. पक्कं सांगता येत न्हाई. त्यापेक्षा टेकडीमागं जाऊ रानात, तिथं काळोख आसतो."

रान म्हणताच सुभद्राबाईची लाज कुठल्या कुठे गेली. "रानात? म्या काय चोर हाय व्हय, रानात जाऊन बघायला? उभा जन्म रानात काढला. ते मला पारासमोर धुरकी म्हणतात, मी त्यांना पारासमोरच दाखवणार. तू दुर्बीण जोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बबनरावाच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. बबनराव चहा पीत होता.

"भावजी, आज दिवेलागणीला हायमास्ट बंद ठिवा. तासभर."

"आवसेच्या रातीला?" बबनरावाने बशी खाली ठेवली. "काय वयनी, डोकं ठिकाणावर हाय का? लोकं जमणार, बायका जमणार, आन आंधार करू? कोणाचं काय गेलं तर नाव सरपंचाचं. आन ते आपोआप लागतं, टायमर हाय."

"टायमरच्या डब्याला कुलूप हाय आन चावी माऊलीकडं हाय. माऊली तुमचा शिपाई हाय."

"माऊली गावाचा शिपाई हाय. तुमच्या धुरापायी गावाचा उजेड घालवत नसतो मी." आणि मग, हसू दाबत, "तुमच्या दुर्बिणीचा आरसा तुमीच घासून काढला म्हणे? खरं हाय का वयनी?"

वाडीत बातमीला पाय नाहीत, पंख असतात. सुभद्राबाई ओट्यावरून उतरली. ती परत आली, न्हाली, नवं लुगडं नेसली.

दिवस मावळला. पारासमोर निम्मी वाडी जमली. काही आभाळ बघायला आली होती, बरीचशी फजिती बघायला. बबनरावाने खुर्ची मागवून खांबाखालीच ठाण मांडलं. मध्ये पांढऱ्या पाइपची दुर्बीण बाजेच्या लाकडावर उभी, आणि तिच्यामागे फ्लेक्सवरचा गुलाबी तेजोमेघ वाऱ्याने फडफडत होता. साडेसातला खाडकन हायमास्ट लागला. सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या. आभाळ मळक्या पत्र्यासारखं झालं.

वर्षाराणीने तरी नळी पश्चिमेला वळवली, तिकांड्यावर धरली, डोळा लावला. मग मान हलवली.

"दिसला का ग धूर?" कोणीतरी मागून विचारलं, आणि हशा पिकला. तीस वर्षांपूर्वीचाच हशा, फक्त काही आवाज नवे होते.

सुभद्राबाई खांबाकडे गेली. शिपाई माऊली कुलपाच्या डब्याजवळ उभा होता.

"माऊली, चावी दे."

माऊलीने बबनरावाकडे पाहिलं. बबनरावाने नकारार्थी मान हलवली.

"मग मीच बोलते," सुभद्राबाई म्हणाली. ती बबनरावाकडे वळली, आणि तिचा आवाज चढला. "भावजी, एकतीस वर्सं तुमी मला अंधारात उठवलं. शिट्टी वाजवून उठवलं. पायाखाली साप हाय का ईचू हाय ते दिसत नव्हतं, तवा कोणी बल्ब लावला न्हाई. ही वर्षा कोपीत झाली, तिची नाळ चुलीच्या उजेडात कापली, दुसऱ्या रोजी मी मोळी उचलली. तवा अंधार चालला तुमाला. आन आज मी तासभर अंधार मागते, तर गावाला भ्या वाटतंय व्हय?"

"आता जुनं कावून उकरता वयनी?" बबनराव चुळबुळला. "अंधार कोण मागत आसतं का?"

"मी मागते. माज्या वाटचा लई खर्ची पडलाय, त्यातला तासभर द्या." तिने पश्चिमेकडे हात केला. "ही म्हणते, त्या धुरातला उजेड निघून तेराशे वर्सं झाली. धर्मापुरीचं देऊळ बांधायच्या आदी निघालाय तो. तिथपासनं येतोय, कोणी आडवला न्हाई. आन तुमचा सा दिव्यांचा खांब त्याला आमच्या येशीत आडवतो."

कोणीच हसलं नाही. पण हललंही नाही कोणी. माऊली खाली बघत राहिला.

तेव्हा सुभद्राबाई घरी गेली आणि हातात कोयता आणि कानस घेऊन परत आली. लोक मागे सरकले. डब्याच्या पायाशी, कुलपाखाली फतकल मारून बसली, कोयता मांडीवर आडवा घेतला आणि त्याला धार लावायला लागली. खर्रर्र, खर्रर्र. हा आवाज पारावरच्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. ह्याच हाताने लावलेल्या धारेवर बबनरावाच्या टोळ्यांनी वर्षानुवर्षं ऊस तोडला होता. मध्येच ती कोयता वर धरून कुलपाच्या कडीची जाडी डोळ्याने मोजायची आणि पुन्हा कानस चालवायची.

पहिली उठली ती रुक्मिणीबाई, टोळीतली सगळ्यात म्हातारी. काठी टेकत ती पारालगतच्या आपल्या घरात गेली, आणि तिच्या ओसरीवरचा बल्ब विझला. मग शेजारचा विझला. मग माऊलीची बायको विजयमाला उठली; ती ह्या वर्षीही तोडीला जाऊन आली होती. जाता जाता ती नवऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिवाळीला कोणत्या मुकादमाच्या ट्रकात बसायचं, ते औंदा बायका ठरवणार हायत. बगा तुमी." एकामागून एक आळी काळी पडत गेली. शेवटी वाडीत उजेड राहिला तो फक्त खांबावर, आणि त्याखाली खुर्चीत बसलेला बबनराव सगळ्यांना लख्ख दिसत होता. ह्या वयातही त्याची टोळी चालायची ती अजून ह्याच बायांच्या जिवावर, आणि हे त्याला चांगलंच माहीत होतं.

"दे बे माऊल्या," तो शेवटी म्हणाला. "दे ती चावी. न्हाईतर ती कुलूपबी तोडायची आन मलाबी."

माऊलीने डबा उघडला, खटका ओढला आणि चावी कुलपातच विसरून मागे सरकला.

काळोख असा आला की पोरं ओरडली. मग ओरडणं थांबलं. कारण वर आभाळ उघडलं होतं, इतकं भरगच्च की माणसं आपोआप खाली बसली. हे आभाळ त्यांना परकं नव्हतं. फडात रोज पहाटे डोक्यावर असायचंच की. पण तेव्हा पाठीमागे मुकादमाची शिट्टी असायची आणि चुलीवर तवा असायचा. नुसतं बघत बसण्यासाठी बघितलं नव्हतं कधी कोणी. एकटी सुभद्राबाई सोडून.

डोळे अंधाराला सरावेपर्यंत वर्षाराणीने पाव तास थांबवलं. मग बारीक भिंग बदलून मोठं लावलं, पुन्हा नळी तिकांड्यावर नेली, तिथून खाली आणली. बराच वेळ तिचा डोळा हलला नाही. तिने अंधारातच आईचा हात शोधून दाबला.

"बघ आई. पहिला मान तुजा."

सुभद्राबाईचा जीव त्या नळीकडे नुसता ओढ घेत होता. तीस वर्षं! पण ती म्हणाली, "आधी भावजी."

बबनराव नाही म्हणू शकला नाही. चाचपडत आला, वाकला, डोळा लावला. मागे अंधारात दीडशे माणसं उभी होती.

"काय न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद लपत नव्हता. "काळं हाय सगळं. दोन-चार ठिपके हायत."

राखेची ताटली डोळ्यांसमोर उभी राहिली. शंभरातले चार भाग. पण ती मागे हटली नाही.

"रोखून बघू नका, भावजी. अंधारात साप बघायचा आसला की आपण कसं बघतो? सापाकडं न्हाई बघत, त्याच्या बाजूला बघतो. मग साप दिसतो. तसं बघा. ठिपक्यांच्या बाजूला बघा."

हे दुर्बीणवाल्यांचंही गुपित आहे; वर्षाराणी पुण्याला शिबिरात शिकली होती. आईला ते उसाच्या फडाने शिकवलेलं होतं.

बबनराव पुन्हा वाकला. या वेळी त्याने नजर जराशी बाजूला नेली. मागे कुजबुज सुरू झाली. मग त्याच्या तोंडून हळूच निघालं, "आयला."

"काय दिसतंय?"

"धूर."

"कुठं?"

"वर." तो अजून डोळा काढत नव्हता. "पंख्यासारखा पसरलाय. मधी चार बारीक चांदण्या हायत, चिकटून. धूर हाय, वयनी."

"त्या चार नव्या हायत," वर्षाराणी म्हणाली. "त्या धुरातच जन्मल्यात."

"जोरात सांगा, भावजी," सुभद्राबाई म्हणाली. "फडात जोरात बोलला होता. मागं रुक्मिणीबाईला ऐकू गेलं न्हाई."

बबनराव उभा राहिला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे त्याला सोपं गेलं असावं.

"धूर हाय!" तो ओरडला. "आभाळात हाय! वयनीच्या डोळ्यात न्हाई!"

आता हसल्या त्या बाया. पहिल्यांदा रुक्मिणीबाई, मग विजयमाला, मग सगळ्याच. मोठमोठ्याने, मोकळ्या गळ्याने हसल्या, आणि हसता हसता रांगेत उभ्या राहायला लागल्या.

सुभद्राबाई वाकली. गुडघे कुरकुरले, तिने लक्ष दिलं नाही. डोळा लावला, नजर जराशी बाजूला नेली, आणि तो समोर आला. फ्लेक्ससारखा गुलाबी नव्हता. पहाटेच्या कोपीवर तरंगणाऱ्या धुरासारखा राखाडी होता, आणि त्याच्या मधोमध चार चिमुकल्या चांदण्या, एकमेकींना बिलगलेल्या, नुकत्याच झालेल्या. तीस वर्षं तो तिथेच होता. तिच्या हाताने घासलेल्या उघड्या काचेवर, शंभरातल्या चार भाग उजेडात, तो तिच्यासाठी उतरला होता. तिचं चुकलं नव्हतं. तिला रडू आलं, पण डोळा पाणावला तर धूर पुसट होईल म्हणून तिने ते आवरलं.

मागे रांग वाढत होती. मागितलेला तास भरत आला होता, तरी ती डोळा काढत नव्हती. माऊली दबकत जवळ आला.

"काकू, डब्याला कोणीतरी परत कुलूप लावलंय. चावी सापडंना. सरपंच इचारतेत, लाइट कवा लावायची?"

"चावी माज्या कनवटीला हाय," सुभद्राबाई डोळा न काढता म्हणाली. "सरपंचाला म्हणावं, रांगेत उभं ऱ्हा. तिकांडं मावळल्यावर देते."